मदत हवी आहे: वांग्यात कामगंध सापळे रिकामे, शेंडेअळी मात्र जोरात (शुक्रवारच्या आत उत्तर हवंय)

रोपवाटिका_२४
नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा प्लीज. शुक्रवारी शेतीशाळा आहे आणि विद्यापीठाचे विस्तार संचालक स्वतः प्लॉटवर येताहेत, त्यांचं अख्खं आयुष्य भाजीपाल्याच्या किडींवर गेलंय. मला कृषी विज्ञान केंद्रात पीक संरक्षणाला लागून सातच महिने झालेत. दहा शेतकऱ्यांच्या वांग्यात कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावलेत, बारा दिवस झाले, सापळे रिकामे, शेंडे माना टाकतायत आणि तोड्याला निम्मी वांगी भोकाची निघतायत. लोक म्हणतात सर, तुमचे डबे काढा नि औषध सांगा. त्यातल्या एका आजोबांनी माझ्या शब्दावर दोन फवारण्या सोडल्यात, बाजारात त्यांचा माल परत आला. मला झोप लागत नाहीये. काय चुकतंय?

काळी_माती
ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, कोणती? सापळा पाण्याचा की नरसाळ्याचा? उंची किती, एकरी किती? यातलं काहीच नाही सांगितलंत, मग चूक कुठून शोधणार.

नीमभक्त
सापळे राहू द्या बाजूला. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, साबण टाकून १०० लिटर करा आणि संध्याकाळी फवारा. मी पंधरा वर्षं हेच करतोय, वांगं असो नाहीतर मिरची.

थेट_शेतातून
निंबोळीनं आतली अळी मरत नाही हो काका. आम्ही आठ दिवसाला सायपर (सायपरमेथ्रिन, कीटकनाशक) मारतो आणि मध्ये एखादं महागातलं. डबे लावून भाव मिळत नाही.

निवृत्त_कीटकवाला
सायपर आठ दिवसाला? मग लाल कोळी आणि पांढरी माशी का वाढली म्हणून पुढच्या महिन्यात इथेच धागा काढाल. त्या फवाऱ्यात अळीवर जगणाऱ्या गांधीलमाश्या आधी मरतात. आणि महागातलं म्हणजे क्लोरँट्रानिलिप्रोल असेल तर लेबल वाचा, वांग्याला फवारणी ते तोडणी २२ दिवस लिहिलेत. तुम्ही चौथ्या दिवशी तोडता. ते वांगं कुणाच्या तरी लेकराच्या ताटात जातं, एवढं तरी डोक्यात ठेवा.

थेट_शेतातून
साहेब, २२ दिवस तोडा थांबवला तर वांगं बियाण्याला ठेवावं लागेल. तुम्हाला पगार होता, आम्हाला तोडा आहे.

निवृत्त_कीटकवाला
म्हणूनच म्हणतोय, फळ सुरू असताना ते औषध वांग्याचं नाहीच. लागवडीनंतर फळं धरायच्या आधी त्याचा विचार करा.

रोपवाटिका_२४
अहो इथे भांडू नका ना, माझा शुक्रवार आलाय. निंबोळी सगळ्यांना सांगितलीय. ल्यूर वांग्याचीच आहे, दुकानात वांग्यातल्या अळीची द्या असं सांगूनच घेतली. नरसाळ्याचे सापळे, एकरी पाच, पिकाच्या वर दीडेक फूट. आणि अगदी रिकामे नाहीत, दोन-तीन जाडे तपकिरी पतंग पडलेत, पण ते आपले नाहीत म्हणून मोजले नाहीत.

धोरणमंथन
खरा प्रश्न बीटी वांग्याचा, म्हणजे अळीला मारणारं जनुक घातलेल्या वाणाचा आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्राने स्थगिती दिली, तिकडे बांगलादेशात २०१४ पासून शेतकरी लावतायत. पंधरा वर्षं आपण सापळेच मोजतोय.

काळी_माती
त्यावर वेगळा धागा काढा. शुक्रवारी बीटी वांगं उगवणार नाहीये.

निवृत्त_कीटकवाला
रोपवाटिका, ते तपकिरी पतंगच तुमचं उत्तर आहे बाळा. शेंडे नि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग लहान असतो, पांढरट, पंखांवर तपकिरी-गुलाबी डाग. जाडा तपकिरी म्हणजे घाटेअळीचा, हरभऱ्यातला, टोमॅटोतला. तुमच्या डब्यात हेलील्यूर आहे. वांग्याला ल्युसील्यूर लागते. मादीचा वास प्रत्येक जातीचा वेगळा, दुसऱ्या जातीचा नर त्याला येत नाही. पाकीट असेल तर नाव वाच, नसेल तर दुकानदाराकडचा खोका बघ.

रोपवाटिका_२४
पाकीट बाईकच्या डिक्कीत सापडलं. हेली लिहिलंय. दुकानदार म्हणतो अळीची आहे, सगळ्याला चालते. मी वाचायला हवं होतं. आता?

काळी_माती
ल्युसीची आणा. जुन्या ल्यूरला लागलेल्या हाताने नवीला हात लावू नका, वास मिसळतो. आमच्याकडे पाण्याच्या सापळ्यात जास्त सापडले, आणि उंची खाली घ्या, सापळा शेंड्याच्या बरोबरीला हवा.

थेट_शेतातून
पण सापळ्यात नर मरतो, अंडी मादी घालते. शेजारच्या शेतात उजवलेली मादी इकडे आली तर?

निवृत्त_कीटकवाला
हा मात्र खरा प्रश्न विचारलात. म्हणूनच एका शेतात लावून भागत नाही, शिवारात सगळ्यांनी लावायला हवं. एकरी पाच पाहणीपुरते, पतंग ओढून काढायचे तर त्याच्या तिप्पट तरी. आणि सापळ्याच्या आधी कात्री. माना टाकलेला शेंडा अळीच्या खाली दोन बोटं छाटायचा, आठवड्यातून एकदा, न चुकता. रोपवाटिका, छाटलेले शेंडे आणि किडकी वांगी तुमचे लोक कुठे टाकतात?

रोपवाटिका_२४
ते नाही विचारलं कधी.

जळगावकर_माई
अवांतर आहे, पण आमच्याकडे भरताची वांगी घेताना देठाजवळ भोक बघतात आणि भोकाचं बाजूला काढतात. भोक नसलेलंही चिरल्यावर कधी कधी आत गुलाबी अळी निघते, मग चांगलं कुठलं समजायचं? बाकी भरीत काड्यांच्या जाळावरच भाजा, गॅसवर ती चव नाही.

निवृत्त_कीटकवाला
माई, अवांतर नाहीच हे, शेतकऱ्यांनाही हेच सांगावं लागतं. अंड्यातून निघालेली अळी काही तासांत फळात शिरते आणि शिरायचं भोक भरून येतं. आपल्याला दिसतं ते मोठं भोक बाहेर पडतानाचं. म्हणजे भोक दिसलं तेव्हा अळी निघून गेलेली असते, जमिनीत किंवा पालापाचोळ्यात कोष करून बसलेली. भोक बघून फवारणारा माणूस रिकाम्या घरावर दगड मारतोय.

रोपवाटिका_२४
आज आजोबांच्या शेतावर गेलो होतो. विहिरीमागे, बांधाला लागून किडक्या वांग्यांचा गुडघाभर ढीग आहे, तीन तोड्यांचा. वरची चार चिरली, दोन रिकामी, दोनांत अळ्या. ढिगाखालची माती काडीने उकरली तर करड्या रेशमात गुंडाळलेले कोष, अकरा मोजले. आजोबा शेजारी बसून बघत होते, म्हणाले, म्हणजे मीच पोसत होतो का रे हिला. मला काही बोलता येईना. दोघांनी मिळून खड्डा खणला, ढीग आणि खालची माती त्यात लोटली, वर हातभर माती दाबली. ल्युसील्यूर तालुक्याला मिळाली, संध्याकाळी त्यांच्याकडे आणि शेजारच्या दोन प्लॉटमध्ये लावली.

शुक्रवारी साहेबांसमोर चुकीची ल्यूर लावली होती हे सांगू की नको? आमचे वरिष्ठ म्हणतात विषय काढू नका.

निवृत्त_कीटकवाला
सांग. दहा शेतकऱ्यांसमोर सांग आणि दोन्ही पाकिटं त्यांच्या हातात दे, म्हणजे पुढच्या वेळी ते दुकानात नाव वाचून घेतील. आजोबांना तो ढीग त्यांच्या तोंडून सांगू दे, तुझ्यापेक्षा त्यांचं ऐकतील.

थेट_शेतातून
सकाळी किती पडले ते टाका. पडले तर मीही पाच लावून बघतो.

रोपवाटिका_२४
तीन सापळ्यांत मिळून नऊ. पांढरे, लहान.

काळी_माती
जात कोणती आणि लागवड कधीची ते अजून सांगितलं नाहीत.