इकोस्प्रिन चालू असताना स्ट्रोकचं इंजेक्शन: घ्यावं की नाही?

गारवा: कालच्या धाग्यावर रानजाईंनी ठणकावून लिहिलंय, "इकोस्प्रिन चालू असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊच देऊ नका, मेंदूत रक्तस्राव होतो." हे वाचून कुणी इंजेक्शनच्या संमतीची सही नाकारली तर? अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2019 च्या मार्गदर्शिकेत साफ लिहिलंय: अ‍ॅस्पिरिन (म्हणजेच इकोस्प्रिन) काय, जोडीला क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी दुसरी गोळी असली तरी तेवढ्यासाठी इंजेक्शन अडवू नये. धोका किंचित वाढतो, फायदा त्याहून मोठा.

रानजाई: सासऱ्यांना या दोन्ही गोळ्या चालू होत्या. इंजेक्शननंतर रात्री डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, पहाटे व्हेंटिलेटर. तुमचं 'किंचित' सासूबाईंना येऊन सांगा.

गारवा: फार वाईट झालं. पण गोळ्या नसतानाही हे होतं. 1995 च्या अमेरिकेतल्या चाचणीत इंजेक्शन मिळालेल्या 6.4 टक्के रुग्णांना असा रक्तस्राव झाला, न मिळालेल्यांत 0.6. तरी तीन महिन्यांनी धडधाकट असलेले इंजेक्शनवालेच जास्त होते.

वॉर्डमधली: आयसीयूत नर्स आहे. मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. तोंड वाकडं झालं की घरचे आधी इकोस्प्रिन चारतात! गुठळी आहे की रक्तस्राव, सीटीशिवाय कळत नाही. शिवाय गिळता येत नसलं तर गोळी श्वासनलिकेत. नेदरलँड्समध्ये इंजेक्शनबरोबरच शिरेतून अ‍ॅस्पिरिन देऊन पाहिली. 2012 चे आकडे: रक्तस्राव 1.6 ऐवजी 4.3 टक्के, फायदा काही नाही, चाचणी मध्येच थांबवली. म्हणून पुढचे 24 तास आम्ही अ‍ॅस्पिरिन देत नाही.

डोंगरवाट: सीटी म्हणे! आमच्या तालुक्यात मशीनच नाही. वडिलांची बोबडी वळली, गाडी मिळेपर्यंत आणि घाट उतरेपर्यंत इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत उलटून गेली. डावा हात अजून उचलत नाही. तुम्ही गोळ्यांवर भांडा.

चौकस: मशीन असून काय? आमच्याकडे रात्री चालवणारा माणूस नसतो.

डोंगरवाट: तेच तर! यावर कुणी धागा काढत नाही.

गारवा: काढा ना वेगळा. इथे प्रश्न गोळ्यांचा आहे.

रानजाई: ठीक, सरसकट नको म्हणत नाही. पण सही घेताना आम्हाला धोक्याचं अवाक्षर सांगितलं नव्हतं. त्याचा राग जाणार नाही.

गारवा: तो राग रास्त आहे.

चौकस: आईला असिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. तिला हेच लागू?

वॉर्डमधली: नाही! ते औषध वेगळं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, 1.7 च्या वर असेल तर हे इंजेक्शन देत नाहीत. येताना गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. 'बीपीची पांढरी गोळी' एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.