हजेरीपटावरून काय कळणार?

‘किती पत्रकारांना प्रशिक्षण दिलं, यावरून पत्रकार सुरक्षा प्रकल्पाचं यश ठरवा’ असं काहीजण म्हणतात, ते पटलं नाही. हजेरीपट भरतो, फोटो निघतात, झालं! आपल्याकडे महाराष्ट्रात पत्रकार संरक्षण कायदा विधिमंडळाने २०१७ मध्येच मंजूर केला. हल्ला अजामीनपात्र, तपास किमान पोलीस उपअधीक्षकाकडे. तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशेंना गाडीखाली चिरडलं, आणि आरोप आहे तो ज्याच्याविरुद्ध त्याच दिवशी त्यांची बातमी छापून आली त्याच्यावर. खुनाचं कलमसुद्धा मागाहून लागलं. म्हणून मूल्यमापन करणाऱ्याने पोलीस ठाण्यातली कागदपत्रं बघावीत: मारहाणीच्या तक्रारीत हा कायदा लावला, की नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन वाटेला लावलं? आणि तालुक्याच्या वार्ताहरांशी बोलावं. त्यांतल्या अनेकांकडे साधं नेमणूकपत्रही नसतं.