ती हसतेय आणि मला रडू येतंय, तेही दुसऱ्यांदा बघताना

तळटीप

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं, आज विचारूनच टाकते.

मी सबटायटल्स लिहिते. अकरा वर्षं हेच काम करतेय. परभाषेतला सिनेमा येतो, त्याचे संवाद मराठीत आणायचे, खाली दोन ओळींत बसवायचे, ओळ कधी उमटणार आणि कधी जाणार ते फ्रेममध्ये मोजायचं. एका सेकंदाला २४ फ्रेम. त्यामुळे एकच प्रसंग पंधरा-वीस वेळा बघणं होतं, मागे-पुढे करत, तुकड्या-तुकड्यांत. इतक्यांदा बघितल्यावर माणूस कोरडा पडायला हवा. माझं उलटंच होतं.

सिनेमा हातात आला की पहिल्यांदा मी तो सलग बघते, कुठेही न थांबवता. तेव्हा मला सहसा रडू येत नाही. घशाशी येतं आणि तिथंच अडतं. दुसऱ्यांदा बसले की मात्र सुरुवातीपासून डोळे भरायला लागतात. आणि प्रेमकथा कितीही दुःखी असो, दुःखाच्या प्रसंगात नाही. सगळं छान चाललेलं असतं ना, तेव्हा.

आत्ता हातात असलेल्याचंच सांगते. नाव सांगता येणार नाही, अजून प्रदर्शित व्हायचाय. त्यातल्या त्याला कायम उशीर होतो. एक दिवस ती त्याचं मनगट पकडते, घड्याळाची चावी नखाने बाहेर ओढते आणि काटे दहा मिनिटं पुढे करते. तो हात सोडवून घ्यायला बघतोय, ती सोडत नाही, तिचे केस त्याच्या मनगटावर आलेत आणि दोघं हसतायत. हसता हसता ती एक वाक्य बोलते. पुढे ती त्याच्या आयुष्यातून निघून जाते. अगदी शेवटी तो कुठेतरी येऊन उभा राहतो, घड्याळ बघतो, मग भिंतीवरचं घड्याळ बघतो, आणि आपण दहा मिनिटं लवकर आलोय हे त्याच्या लक्षात येतं. त्याने ते कधी मागे केलेलंच नसतं. बस, इतकंच.

तो शेवट मी नीट करते, हात थरथरत नाही. पण चावी ओढायचा प्रसंग आला की संपलं, समोरची अक्षरं दिसेनाशी होतात.

मागच्या आठवड्यात माझी नऊ वर्षांची मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. तिने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, ती तर हसतेय. तू का रडतेस?" मला सांगता आलं नाही. डोळ्यांवर ताण आलाय म्हणून वेळ मारून नेली. तिच्याशी खोटं बोलले ते मनातून जात नाही.

त्यात कामाचंही अडलंय. तपासणाऱ्यांनी नेमकी याच प्रसंगातली माझी ओळ दोनदा परत पाठवली. दोन्ही वेळा शेरा एकच, "वाक्य जड वाटतं." ओळ अशी आहे: "आता कुणाला तुझी वाट बघावी लागणार नाही." मूळ वाक्याला धरून आहे, काही गाळलं नाही, वाढवलं नाही. जड काय ते मला कळेना.

असं आणखी कुणाला होतं का? आणि का होत असेल?

सायंतारा

होतं! मला वाटायचं मी एकटीच. आवडता सिनेमा पुन्हा लावला की पहिली भेट बघतानाच मी रडायला लागते. घरातले म्हणतात, अजून काही झालेलं पण नाही. मला ठाऊक असतं ना काय होणार आहे ते.

पापणी

मी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचं काम करते, म्हणून शरीराच्या बाजूने सांगते.

अश्रू तीन तऱ्हांचे मानतात. डोळा ओला ठेवणारे सतत पाझरत असतात, ते आपल्याला जाणवतही नाहीत. दुसरे धूर, धूळ, कांदा यांनी येणारे. तिसरे भावनेने येणारे. भुवईखाली, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे अश्रुग्रंथी असते, तिथून ते येतात. आणि नाकाकडच्या कोपऱ्यात पापणीच्या कडेला टिंबाएवढी दोन भोकं असतात, वरच्या पापणीला एक, खालच्या पापणीला एक. आरशात पापणी जरा ओढून बघा, दिसतील. तिथून अश्रू नाकात उतरतात. नळी पुरत नाही तेव्हा गालावर ओघळतात. सिनेमा बघताना आधी नाक वाहायला लागतं आणि आपण सर्दीचं नाव सांगतो, ते यामुळेच.

घशाशी अडतं म्हणालात त्याचंही कारण सांगतात. रडू येताना शरीराला जास्त हवा घ्यायची असते, म्हणून स्वरयंत्राची फट उघडी राहते. आपण आवंढा गिळायला जातो तेव्हा ती मिटायला हवी असते. त्या ओढाताणीत गोळा आल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा बघताना तुम्ही रडू गिळत असणार, ताई.

आणखी एक, हे मला फार आवडलेलं आहे. नेदरलँड्समध्ये टिलबर्गच्या संशोधकांनी ६० जणांना दोन दुःखी सिनेमे दाखवले होते. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. २८ जण रडले, ३२ रडले नाहीत. न रडलेल्यांच्या मनःस्थितीत फारसा फरक पडला नाही. रडलेल्यांची सिनेमा संपल्या संपल्या चांगलीच उतरली, साधारण २० मिनिटांत पूर्ववत झाली, आणि ९० मिनिटांनी मोजली तर सिनेमाच्या आधी होती त्याहून बरी होती. म्हणजे रडल्यावर मोकळं वाटतं हे खरं, पण लगेच नाही. तुम्ही डोळे पुसून तशाच पुढच्या ओळीकडे वळता, तेव्हा सगळ्यात वाईट वाटत असण्याच्या वेळेतच काम करत असता. तो प्रसंग दिवसातला शेवटचा ठेवून बघा.

रानवाट

मला हे ९० मिनिटांचं पटत नाही. म्हणजे त्यांच्या माणसांचं तसं झालं असेल, माझं होत नाही. मला दोन दिवस लागतात.

माझं लग्न मोडून तीन वर्षं झाली. त्याआधी मी असे सिनेमे बघून भरपूर रडायचो आणि छान झोपायचो. आता एखादं जोडपं पडद्यावर नुसतं चादरीची घडी घालताना दिसलं, एक टोक त्याच्याकडे, एक टोक तिच्याकडे, तरी मी उठून जातो. रडूही येत नाही. आधी रडायचो ते दुसऱ्यांसाठी रडायचो, म्हणून सोपं होतं असं वाटतं. तुमचं रडू अजून पडद्यावरच्यांसाठी आहे, ते असू द्या. फक्त रडलं की बरं वाटतं असं सगळ्यांना सांगू नका, एवढीच विनंती. कुणीतरी मला आग्रहाने असाच सिनेमा दाखवला होता, मन हलकं होईल म्हणून.

कातरवेळ

संकलन करतो, तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बोलतो.

लोकांना वाटतं आम्ही संगीत टाकून रडवतो. संगीताने आधीच येऊ घातलेलं रडू बाहेर येतं, नसलेलं येत नाही. मी शिकलो ते असं की पडद्यावरचा माणूस रडला की प्रेक्षक जरा मागे सरकून बसतो. पडद्यावरचा रडू दाबतो तेव्हा त्याच्या वाटचं रडू प्रेक्षकाला रडावं लागतं. म्हणून अभिनेत्याचे डोळे भरून सांडायच्या आधी मी कापतो. हे करताना किती फ्रेम ठेवायच्या यावर रात्री गेल्यात. चार फ्रेम जास्त राहिल्या तरी प्रसंग सैल होतो.

पण तळटीप ताई, तुमचं वेगळं आहे. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव यांनी एक प्रयोग केला होता. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला तीन वेगवेगळी चित्रं जोडली: सूपचं भांडं, शवपेटी, एक स्त्री. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात भूक दिसली, शोक दिसला, अभिलाषा दिसली. चेहरा बदललाच नव्हता. दुसऱ्यांदा बघताना तुम्ही हेच करताय. ती चावी ओढतेय, आणि तुमच्या डोक्यात त्याला लागून शेवटचं भिंतीवरचं घड्याळ येतंय. आम्ही त्या दोन प्रसंगांत दीड तासाचं अंतर ठेवलं होतं, तुम्ही ते मनात कापून टाकलंत. पडद्यावर नसलेला कट आहे तो, पण कट आहेच.

पूर्वमेघ

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. आधी एक विचारतो. ती निघून जाते म्हणजे वारते की सोडून जाते?

तळटीप

सोडून जाते, सर. कुठे, का, ते सिनेमा सांगतच नाही. परत येईल असं अगदी शेवटापर्यंत वाटत राहतं.

पूर्वमेघ

मग तुमचं कोडं मला बरंचसं उलगडल्यासारखं वाटतं.

मी ३१ वर्षं संस्कृत शिकवलं, आता निवृत्त आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात हा प्रश्न सरळ येतो. विरहाच्या शृंगारात, म्हणजे विप्रलंभात, चिंता आणि हुरहूर असते. करुण रसातही चिंता असते, रडणं असतं. मग दोन्ही वेगळे का? भरत सांगतो, विप्रलंभ सापेक्ष असतो आणि करुण निरपेक्ष. अपेक्षा शिल्लक आहे तोवर शृंगार, अपेक्षा संपली की करुण. माणूस मेला की जिवंत आहे यापेक्षा, पुन्हा भेट होईल असं वाटण्याला जागा उरली आहे का, हे महत्त्वाचं.

पहिल्यांदा बघताना तुम्हाला अपेक्षा होती. ती परत येईल, दार वाजेल. म्हणून घशाशी आलेलं तिथं थांबलं. दुसऱ्यांदा बसलात तेव्हा अपेक्षा संपलेली होती. सिनेमा तोच, चित्र तेच, पण तुमच्यासाठी पहिल्या मिनिटापासून त्याचा रस बदलला. ती हसत होती तिथेसुद्धा तुम्ही करुण बघत होता.

शिकवताना मी हे विद्यार्थ्यांना व्याख्या म्हणून पाठ करायला लावलं. दुसऱ्यांदा बघणाऱ्याला हे लागू पडतं असं मला कधी सुचलं नाही. तुमच्या लेकीच्या प्रश्नामुळे सुचलं, तिला माझा आशीर्वाद सांगा.

आणि जाता जाता: अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे भावनेने शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांपैकी एक. तो कशाने येतो याची यादी भरताने दिली आहे. धूर, अंजन, जांभई, भीती, शोक, टक लावून पाहणं, थंडी, आजार, सगळं त्यात आहे. पापणी ताईंचे दुसरे आणि तिसरे अश्रू एकाच श्लोकात बसलेत. पण यादीची सुरुवात आनंदाने होते, शोक नंतर येतो.

तळटीप

सर, तुमचं उत्तर वाचून मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. मग परत येऊन माझी ओळ वाचली.

"आता कुणाला तुझी वाट बघावी लागणार नाही."

काय जड आहे ते दिसलं. ही ओळ शेवट माहीत असलेल्या बाईने लिहिली आहे. पडद्यावरच्या तिला शेवट कुठे माहीत आहे? ती तर खोडी काढतेय. आणि जो हा सिनेमा पहिल्यांदाच बघतोय त्याच्या हातात मी दहाव्या मिनिटाला निरोपाची चिठ्ठी देत होते. मूळ वाक्याचा अर्थ तसा निघतो हे खरं, पण तो कुणाला? माझ्यासारख्या दुसऱ्यांदा बघणाऱ्याला. पहिल्यांदा बघणाऱ्याने तिथं हसायला हवं. त्याचं हसणं मी काढून घेत होते. तपासणाऱ्यांचा मला राग आला होता, तो चुकीचा होता.

ती ते वाक्य दीड सेकंदात बोलते, ३६ फ्रेम. माझी जुनी ओळ तेवढ्यात वाचून होणं कठीणच होतं, तेही मी डोळेझाक केली होती. आता असं केलंय:

"बघू आता कसा उशीर करतोस!"

यात तिचं मनगट न सोडणं आलंय. दुसऱ्यांदा बघणाऱ्याला यातही जे दिसायचं ते दिसेल. त्यासाठी मी वेगळं काही करायची गरज नाही. कातरवेळ, तुम्ही चार फ्रेमचं म्हणालात ते इथे कामी आलं, ओळ तिचं हसू संपायच्या आत काढून घेतली, म्हणजे चेहऱ्यावर नजर राहते.

पापणी ताई, प्रसंग रात्रीवर ठेवला, उपयोग झाला. रडले, पण नंतर काही करायचं नव्हतं.

लेकीला खरं सांगितलं. म्हटलं, त्या दोघांना पुढचं माहीत नाही आणि मला माहीत आहे, म्हणून रडू येतं. तिने विचार केला आणि म्हणाली, "मग त्यांना सांग ना." मी म्हटलं सांगता येत नाही. त्यावर ती माझ्या खुर्चीच्या हातावर बसून राहिली, आणि तो प्रसंग आम्ही दोघींनी मिळून आणखी एकदा बघितला. ती हसली.

ओळ आज मंजूर झाली, शेरा नाही.

रानवाट, तुमची चादरीची घडी डोक्यातून जात नाहीये. मी इथे "मोकळं वाटतं" वगैरे काही म्हणणार नाही. तुम्हाला वेगळा निरोप पाठवलाय, सवडीने बघा.