डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाने ८६ टक्के डास मेले, हा प्रतिकार म्हणायचा का?

प्रश्न
अळ्या आणून वाढवलेल्या अ‍ॅनॉफिलिसच्या (मलेरिया पसरवणाऱ्या डासांच्या) माद्या, वय ३ ते ५ दिवस, रक्त न पाजलेल्या. डेल्टामेथ्रिन ०.०५ टक्के लावलेला कागद, ४ नळ्यांत मिळून १००. नियंत्रणात, म्हणजे तुलनेसाठी औषधाविना ठेवलेल्या, २ नळ्यांत ५०. तासाभराने ९६ आडव्या पडल्या, पण २४ तासांनी मेलेल्या ८६ च. नियंत्रणातही ६ मेल्या. कोणता आकडा धरू? फवारणीची मात्रा वाढवली तर भागेल का?

उत्तर १
२४ तासांचाच. उभं राहता येत नाही किंवा नीट उडता येत नाही, ती मेलेली धरा. नियंत्रणात १२ टक्के मेल्या, म्हणून औषधाविना होणारी मर वजा करणारं अ‍ॅबटचं सूत्र लावा: (८६ − १२) ÷ (१०० − १२) × १०० = ८४.१. ९० च्या खाली म्हणजे प्रतिकार पक्का. ९८ किंवा त्याहून जास्त असता तर डास संवेदनशील, म्हणजे औषध लागू पडतं. मधल्या आकड्याला चाचणी पुन्हा करावी लागते. नियंत्रणातली मर २० टक्के झाली असती, तर सगळी चाचणीच बाद.

पण ६ का मेल्या, ते शोधाच. बहुतेकदा अ‍ॅस्पिरेटरने (डास ओढून घ्यायच्या नळीने) जोरात ओढल्यामुळे पाय तुटतात. चाचणीआधी हिरव्या ठिपक्याच्या, म्हणजे औषध नसलेल्या, नळीत तासभर ठेवून लंगड्या माद्या आधीच काढून टाका. नंतरच्या २४ तासांत साखरपाण्याचा बोळा सुकू देऊ नका, हवा दमट ठेवा. कागद ६ पेक्षा जास्त वेळा वापरलेला नाही ना, तेही बघा. जुन्या कागदाने खोटा प्रतिकार दिसतो.

उत्तर २
पडून परत उठलेल्या १० माद्या महत्त्वाच्या आहेत. डासाच्या शरीरातली विकरं (एन्झाइम) औषधाचं विघटन करत असतील, तर असं होतं. अंदाजावर थांबू नका: आधी ४ टक्के पीबीओच्या (ही विकरं अडवणाऱ्या रसायनाच्या) कागदावर १ तास, लगेच डेल्टामेथ्रिनवर १ तास. सोबत नुसत्या पीबीओची नळी हवीच. मृत्यू ९८ टक्के किंवा त्याहून जास्त झाला तर कारण मुख्यतः विकरंच. थोडाच वाढला तर केडीआर उत्परिवर्तनासाठी (औषध जिथे काम करतं ती मज्जातंतूंमधली जागा बदलणाऱ्या जनुकीय बदलासाठी) पीसीआर ही डीएनए चाचणी करा. मेलेल्या आणि जगलेल्या माद्या वेगवेगळ्या कुप्यांत, सिलिका जेलवर ठेवा.

उत्तर ३
मात्रा वाढवू नका, कळकळीने सांगतो. जास्त मात्रेतूनही वाचणाऱ्याच पुढची पिढी घालतात. डीडीटीकडे वळूनही उपयोग नाही, केडीआर असेल तर दोन्ही औषधं एकाच जागी अडतात. वेगळ्या गटाचं औषध निवडा, उदाहरणार्थ पिरिमिफॉस-मिथाइल, आणि ते आणण्याआधी याच डासांवर त्याची चाचणी घ्या.