मदत हवी आहे: लंडनमध्ये एकटीने, वीकडेजना, नेहमीची ठिकाणं सोडून काय बघू?

नमस्कार मंडळी,

नवऱ्याचं ऑफिसचं काम निघालंय म्हणून काही आठवडे लंडनला राहायचंय. तो सकाळी जाणार ते संध्याकाळीच उगवणार, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार मी एकटी आणि पूर्ण मोकळी. बिग बेन, लंडन आय, टॉवर ब्रिज, राणीचा राजवाडा (आता राजाचा म्हणायला हवं) हे सगळं मागे टूरबरोबर उरकलंय, उतरा-फोटो काढा-बसा टाइप. ते परत नकोय. नेटवर 'हिडन जेम्स' शोधलं की अशा जागा येतात जिथे आधीच रांगा लागलेल्या असतात, मग हिडन कसलं डोंबलाचं!

चालायला भरपूर आवडतं. शॉपिंगमध्ये शून्य इंटरेस्ट.

नकाशा चाळताना एक गोष्ट सापडली, मुख्य प्रश्न तिच्याबद्दलच आहे. शहराच्या उत्तर भागातून रीजंट्स कॅनॉल जातो, 1820 मध्ये पूर्ण झालेला. पूर्वी मालाच्या बोटी घोडे ओढायचे आणि त्या घोड्यांसाठी काठाने जी वाट होती ती आता चालणाऱ्यांना मोकळी आहे. तर त्याच्या एका टोकाला, लिटल व्हेनिसजवळ, 10 हाउली प्लेस हे घर आहे, तिथे टिळक 1918-19 मध्ये राहिले होते, चिरोल या ब्रिटिश पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी गेले होते तेव्हा. घरावर पाटी आहे. तिथून काठाकाठाने रीजंट्स पार्कच्या कडेने पुढे गेलं की प्रिमरोझ हिल, आणि टेकडीच्या पलीकडे 10 किंग हेन्रीज रोड, म्हणजे बाबासाहेब 1921-22 मध्ये शिकत असताना राहिले ते घर. ते 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं, आता तिथे संग्रहालय आहे. आणि अजून उत्तरेला हायगेटमध्ये 65 क्रॉमवेल अव्हेन्यू, श्यामजी कृष्ण वर्मांचं इंडिया हाउस, भारतीय विद्यार्थ्यांचं वसतिगृह, जिथे सावरकर राहायचे. तिघांचे विचार तीन दिशांना, आणि घरं बघा, एका दिवसाच्या टप्प्यात! मला हे भारी वाटलं, आमच्या घरात मात्र "पाट्या बघायला कोण जातं" अशी प्रतिक्रिया आली.

तर विचारायचंय असं की तिन्ही एका दिवसात होतील का, कॅनॉलच्या वाटेवर एकट्या बाईने जाणं ठीक आहे ना, आणि (हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत) वाटेत टॉयलेटचं काय? शिवाय पाऊस आला तर घरात बसायचं नाहीये, त्यासाठी काही सुचवा. म्युझियम चालेल पण अवाढव्य नको, ब्रिटिश म्युझियममध्ये मागच्या वेळी पायाचे तुकडे पडले होते.

प्रतिसाद – टेम्सकाठी

ताई, प्लॅन मस्त आहे पण हायगेट वेगळं काढा. पहिली दोन घरं आणि कॅनॉल मिळून आरामात निम्म्याहून जास्त दिवस जातो आणि प्रिमरोझ हिलवर चढलात की लगेच उठवत नाही, सगळं शहर समोर पसरलेलं दिसतं. लिटल व्हेनिसनंतर थोड्याच अंतरावर कॅनॉल बोगद्यात शिरतो, तिथे काठाची वाट नाहीये, वर रस्त्यावर यायचं आणि पुढे परत खाली उतरायचं, त्यामुळे वाट संपली म्हणून परत फिरू नका. दिवसा काही भीती नाही, पळणारे, कुत्रेवाले, सायकलवाले असतातच. सायकलवाल्यांचीच काय ती भीती, मागून घंटी वाजली की कडेला व्हा. अंधार पडल्यावर मात्र मी स्वतः जात नाही. टॉयलेट निघतानाच उरकून घ्या, मग रीजंट्स पार्कमध्ये आहेत, ट्यूब स्टेशनच्या भरवशावर अजिबात राहू नका.

टिळकांचं आणि सावरकरांचं घर बाहेरूनच बघायचं, आत लोक राहतात. आंबेडकरांच्या घरात जाता येतं, उघडं कधी असतं ते आधी बघून घ्या.

हायगेटला जाल तेव्हा कार्ल मार्क्सची कबरही तिथेच आहे, दफनभूमीला तिकीट आहे पण झाडांत हरवलेली ती जागा वसूल होते. आंबेडकरांच्या घराजवळच्या चॉक फार्म स्टेशनवरून जात असाल तर कॅम्डन टाउनला ट्रेन बदलावी लागते, चॉक फार्म आणि हायगेट दोन्ही स्टेशनं ट्यूबच्या नॉर्दर्न लाइनवरच आहेत पण फाटे वेगळे.

प्रतिसाद – बसप्रेमी

पावसासाठी सर जॉन सोन म्युझियम. एका आर्किटेक्टचं राहतं घर, जिन्यापासून छतापर्यंत मूर्ती, चित्रं, तळघरात इजिप्तच्या राजाची दगडी शवपेटी! फुकट, आणि दोन तासांत होतं. सोमवार-मंगळवार बंद असतं.

वीकडेज मोकळे आहेत तर ओल्ड बेली कोर्ट सोडू नका. फौजदारी खटले चालतात आणि पब्लिक गॅलरीत कोणीही बसू शकतं. फक्त फोन आत नेता येत नाही आणि ठेवायची सोयही नाही. तिथून चालत पोस्टमन्स पार्क, छोटीशी बाग. दुसऱ्यांना वाचवताना जीव गमावलेल्या साध्यासुध्या माणसांच्या टाइल्स आहेत एका भिंतीवर. अ‍ॅलिस एअर्सची वाचा, 1885 मध्ये आगीतून 3 मुलांना काढलं तिने. मला तिथे बिग बेनपेक्षा जास्त लंडन दिसतं, असो, ज्याचं त्याचं.

आणि एक दिवस डीएलआर (पूर्व लंडनमधली छोटी लोकल ट्रेन) पकडा, ड्रायव्हरची केबिन नसते त्यामुळे पुढची सीट मिळाली तर मजा. आयलंड गार्डन्सला उतरून टेम्सच्या खालून ग्रीनिचला चालत जायचं, 1902 चा बोगदा आहे, गोदीतल्या कामगारांसाठी बांधलेला. फुकट. येताना बसने या, तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकदाच पडतं, कार्ड मात्र तेच वापरा, कॅश घेत नाहीत.

धागाकर्ती

दोघांनाही खूप धन्यवाद! हायगेट वेगळं काढलं. बसप्रेमी, एक सांगा, फोन नाही तर ओल्ड बेलीपासून त्या बागेपर्यंतचा रस्ता कागदावर काढून न्यावा लागेल, गल्ल्या फार गुंतागुंतीच्या आहेत का? आणि ग्रीनिचच्या बोगद्याला लिफ्ट आहे की जिनेच? नवऱ्यालाही एका शनिवारी न्यायचा विचार आहे, त्याचे गुडघे बोलतात.

प्रतिसाद – बसप्रेमी

दोन्हीकडे लिफ्ट आहे, पण अधूनमधून बंद असते, निघण्यापूर्वी चेक करा नाहीतर गोल जिन्याच्या शंभरच्या आसपास पायऱ्या. बागेसाठी सेंट पॉल्स स्टेशनचा रस्ता विचारा, तिथून सेंट मार्टिन्स ले ग्रँडने सरळ उत्तरेला, डाव्या हाताला गेट.