निरीक्षणांवरून सिद्धांत कसा बांधायचा? (निपाणी, विडी कामगार) सल्ला हवा

निपाणीची_विद्यार्थिनी: पीएचडीसाठी विडी वळणाऱ्या बायकांच्या घरी बसून वह्या भरल्यात. कंत्राटदार विड्या खराब म्हणून छाटतो, पान कमी देतो, तरी त्या त्याला सोडत नाहीत. का? गाईड म्हणतात, "वर्णन झालं, सिद्धांत कुठाय?" पुस्तक किंवा सॉफ्टवेअर सुचवा. बजेट दीड हजार, वर एक रुपया नाही.

सीमाभाग_संशोधक: एन्व्हिवो घ्या, नोंदींना लेबलं लावून त्या लावून ठेवायचं सॉफ्टवेअर. महाग आहे, पण पीएचडी एकदाच होते. माझा प्रबंध त्याच्याच जिवावर वेळेत झाला.

खानापूरकर: दीड हजारात कुठलं एन्व्हिवो? त्याच कामाचं टॅगेट फुकट आहे. पण आधी पद्धत समजून घ्या. ग्लेझर आणि स्ट्राउस यांनी १९६७ मध्ये ग्राउंडेड थिअरी, म्हणजे नोंदींतूनच सिद्धांत उभा करायची पद्धत मांडली, ती इस्पितळातल्या मरणासन्न रुग्णांजवळच्या निरीक्षणांतून. एका वॉर्डातलं दुसऱ्या वॉर्डाशी ताडत गेले. नोंदी आणि विश्लेषण बरोबरच चालतं, पुढं कुणाला भेटायचं ते त्यातूनच ठरतं.

चिकोडीचा_मास्तर: निपाणी म्हटल्यावर १९८१ चं तंबाखू आंदोलन हवंच. शरद जोशींबरोबर शेतकरी हायवेवर बसले होते.

निपाणीकर: मास्तर, ते शेतकऱ्यांचं. इथं विडीच्या बायकांचं चाललंय.

चिकोडीचा_मास्तर: तंबाखू तोच की!

जुनी_वही: वह्यांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची रामपुरा गावाची टिपणं १९७० साली स्टॅनफर्डच्या आगीत जळाली, पुस्तक आठवणीतून लिहावं लागलं.

शहापूरवाली: मी यंत्रमागावर हेच केलंय, ऐका. 'गरिबी', 'शोषण' अशी लेबलं लावू नका, त्यातून काही निघत नाही. 'छाट मुकाट्यानं सोसणं', 'पदरचं पान घालणं' अशी करण्याची नावं द्या. दोन नावं एकमेकांशी कशी जोडतात ते त्याच रात्री लिहा, त्यालाच मेमो म्हणतात. आणि जी बाई कंत्राटदाराला सोडून गेली ती शोधाच. तुमचं म्हणणं तिच्यापाशी मोडलं तर बरंच, दुरुस्त तिथंच होईल.

सीमाभाग_संशोधक: मुलाखती पन्नास तरी हव्यात. एवढ्या हाताळायला एन्व्हिवोच लागतं.

खानापूरकर: आकड्याचा प्रश्नच नाही. नव्या नोंदीनं कल्पनेत भर पडेना की थांबायचं. आणि टॅगेट फुकट आहे, परत सांगतो.

जुनी_वही: फोटो काढले का?

निपाणीची_विद्यार्थिनी: काढले. मेमो आजपासून लिहिते. मला वाटत होतं, विडी कामगाराच्या कार्डामुळं त्या टिकतात, कारण त्यावर पोरांना शिष्यवृत्ती मिळते. पण वह्या परत चाळल्या तर कार्ड नसलेल्याही त्याच कंत्राटदाराकडं आहेत. म्हणून सोडून गेलेल्यांच्या मागं आत्ता लागत नाही. आधी या बिनकार्डाच्या. त्यांची उचल किती, पान उधार कोण देतं, ते बघायचंय. सॉफ्टवेअर, पुस्तक काहीच घेत नाही. दीड हजार बसभाड्याला ठेवलेत.

सीमाभाग_संशोधक: मग डेटा टाकणार कशात?

निपाणीची_विद्यार्थिनी: वहीत.