मदत हवी आहे: गुदमरून जन्मलेलं रेडकू, चौथा दिवस, पाय भलतीकडे पडतात

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले, जांबोटीकडचे. शुक्रवारी पहाटे म्हैस अडली. मागचे पाय आधी आले. अशा वेळी डोकं आतच असतं आणि नाळ आईच्या कमरेच्या हाडांत दाबली जाते. बाहेर आलं तेव्हा जीभ निळी होती. काकीनं नाकातोंडातला चिकटा काढला, नाकपुडीत गवताची काडी फिरवली, गोणपाटानं चोळलं, तेव्हा कुठे श्वास धरला.

एरवी रेडकू तासा-दोन तासांत उभं राहून सडाला लागतं. याला दुसरा दिवस उजाडला. चोखायचंच कळेना, म्हणून चीक पिळून पहिल्या सहा तासांत बाटलीनं थोडा थोडा पाजला. आता पितं, शेपूट हलवतं, पण पाय फाकवून उभं राहतं आणि सडाकडे तोंड नेलं की मान थरथरते. निवांत पडलं की थरथर नाही.

डॉक्टर तपासून कानडीत म्हणाले, 'मेदुळिगे गाळी सिक्किल्ल', मेंदूला हवा मिळाली नाही. तेव्हापासून वाचत बसले आहे. मेंदूत प्राणवायूचा साठा नसतो. पुरवठा तुटला की पेशींची ऊर्जा संपते, पेशीतल्या क्षारांचा तोल राखणारे सोडियम-पोटॅशियमचे पंप थांबतात, पेशींना चेतवणारं ग्लुटामेट हे रसायन बाहेर सांडतं, मग कॅल्शियम आत घुसून पेशी मारतं. श्वास सुरू झाल्यावरही ही पडझड काही तास, कधी दोन-तीन दिवस चालते. लहान मेंदू, म्हणजे मेंदूचा मागचा, तोल सांभाळणारा भाग; त्यातल्या पुर्किंजे नावाच्या पेशी यात लवकर जातात, आणि पाऊल नेमकं टाकायला त्याच लागतात. अमेरिकेतलं रंगीत कासव बर्फाखाली महिनोन् महिने प्राणवायूवाचून राहतं, कारण ते मेंदूत गाबा हे पेशींना थंडावणारं रसायन वाढवून सगळं शांत करून टाकतं. म्हशीच्या पिलाला ती सोय नाही.

असं रेडकू कुणी वाढवलंय का? थरथर किती दिवसांनी उतरली? आणि हे नक्की गुदमरण्याचंच का? म्हैस गाभण असताना बीव्हीडीसारखा (गुरांच्या जुलाबाच्या रोगाचा) विषाणू लागला तरी लहान मेंदू अपुरा राहतो आणि चाल अशीच दिसते. पण तसं असतं तर पहिल्या दिवशी ते इतकं सुस्त नसतं, असं मला वाटतं. जाणकारांनी सांगावं.

रेडाच आहे, सोडून दे, असं शेजारचे म्हणतात. मला तो जगवायचा आहे. खाली जाड पेंढा घातलाय, दर दोन तासांनी कूस बदलते, पोटाखालून गोणपाट धरून दिवसातून चारदा उभा करते. काल पहिल्यांदा धरल्याशिवाय चार पावलं टाकली. व्हिडिओ आहे, कुणाला बघायचा असेल तर टाकते.